दार लावून साफ करायची वस्तू

आमच्या जाऊबाई उन्हाळ्यात रिव्हॉल्वर फ्रिजमध्ये ठेवतात.

खोटं वाटत असेल तर एप्रिलमध्ये केदारखेड्याला या आणि त्यांचा फ्रिज उघडा. वरच्या कप्प्यात दह्याचं पातेलं, त्याला टेकून फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर, आणि कोथिंबिरीला टेकून तसल्याच फडक्यात ते. त्यांची सून नवीन होती तेव्हा एकदा कोथिंबीर समजून तेच घेऊन ओट्याशी आली आणि तिनं फडकं सोडलं. त्या दिवशी वरणावर कोथिंबीर पडली नाही. सूनच पडली.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं. "तिला ऊन बाधतं." 'ती' म्हणजे रिव्हॉल्वर. मे महिन्यात लाइट गेली की सगळं गाव पंख्यासाठी कासावीस होतं, जाऊबाई फ्रिजसाठी. लाइनमनला फोन लावून म्हणतात, "तुमच्या लाइटीच्या भरोशावर हत्यार ठिवलंय मी." लाइनमन नवा असला की लाइट जल्दी येते. जुना असला की तो विचारतो, "दही तर बराबर हाय ना, जिजी?"

जिजी हे त्यांचं गावानं ठेवलेलं नाव. माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, पण इथं एकेरीवर आलेच आहे तर तशीच राहीन. फार जुनी हौस आहे. जिजी काही हे वाचणार नाही. तिचा चष्मा कायम हरवलेला असतो. जिचा चष्मा कायम हरवलेला असतो अशा बाईकडे सरकारनं रिव्हॉल्वर राहू दिलं आहे, हेही जाता जाता ध्यानात घ्या.

ते रिव्हॉल्वर मूळचं तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. दादा भोकरदनकडच्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते. कापसाच्या दिवसांत बँकेतून रोकड आणायची, मोटरसायकलवर, काळ्या रेक्झिनच्या पिशवीत. मालकानं खटपट करून त्यांना लायसन काढून दिलं आणि कुठूनतरी हे रिव्हॉल्वर घेऊन दिलं. तेव्हाच ते इतकं जुनं होतं, की विकणाऱ्यानं भाव सांगताना मान खाली घातली असावी. अडकित्त्यासारखं मधून मोडून उघडतं. दादांनी ते आयुष्यात एकदाही झाडलं नाही. वाटेत लुटारू आडवे आले असते तर दादांनी आधी पिशवी दिली असती, मग रिव्हॉल्वर दिलं असतं, आणि ते निघाले असते तर चहाला थांबवून घेतलं असतं. असा तो माणूस.

दादा गेल्यावर मुलगा म्हणाला, सरकारजमा करून टाकू. तो संभाजीनगरला कंपनीत आहे, त्याच्या घरात पाटा-वरवंटासुद्धा धोकादायक समजला जातो. जिजी म्हणाली, "लायसन माझ्या नावावर करा." वारसानं मागितलं तर कायद्यात तशी सोय आहे म्हणे. अर्जात एक रकाना होता, शस्त्र कशासाठी पाहिजे. जिजीनं सांगितलं, "लिहा, सवय हाय." लिहिणाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं आणि गुपचूप 'आत्मसंरक्षण' लिहिलं.

त्या दिवसापासून जिजीच्या तोंडी एकच वाक्य. "लायसन हाय माझ्याकडं." ती कुणाला धमकी देत नाही, नुसती माहिती देते. रेशनच्या रांगेत देते, पिठाच्या गिरणीवर देते, भाजीवाल्यानं किडकी वांगी घातली तर त्याला देते. एसटीत कंडक्टरनं वयाचा पुरावा मागितला की बाकीच्या म्हाताऱ्या आधार कार्ड काढतात, जिजी शस्त्राचा परवाना काढते. "वय लिव्हलंय त्यात, वाचा." कंडक्टर वयापर्यंत पोचतच नाही. तो वरची ओळ वाचतो आणि कुणालातरी उठवतो. चतुर्थीला राजूरला गणपतीची गर्दी असते, एसटीच्या दारात माणसं लोंबकळतात, आणि आम्ही दोघी खिडकीशी बसून शेंगा खात जातो. हा शुद्ध अन्याय आहे. पण मीही त्याच सीटवर बसलेली असते, त्यामुळे फार बोलता येत नाही.

प्रत्यक्ष उपयोगाचं म्हणाल, तर एकदा भरदुपारी घरात चोर शिरला होता. त्या वेळी रिव्हॉल्वर कपाटात, कपाटाची किल्ली जिजीच्या कमरेला आणि जिजी घोरत, असा कडेकोट बंदोबस्त होता. चोरानं पितळेचा हंडा नेला. जिजी सगळ्या गल्लीला सांगत होती, "हंड्यावर भागलं, बंदूक वाचली." वानरांचंही तेच. कुरडया वाळत घातल्या की गच्चीवर वानरांची टोळी उतरते. जिजीनं एकदा रिव्हॉल्वर नेऊन त्यांच्यासमोर धरलं. त्यातल्या एका थोराड वानरानं ते नीट निरखून पाहिलं आणि हातातली कुरडई संपवली. मग दुसरी घेतली.

पण जिजीला ओळखायचं असेल तर रविवारी. रविवारी तिची 'ती' साफ होते. जमिनीवर जुना पेपर, त्यावर सुती लुगड्याचा मऊ तुकडा, त्यावर ती. जिजी मांडी घालून बसते आणि तासभर पुसत राहते. मूठ पुसते, नळी पुसते, घोडा पुसते. आमच्या घरात देवांचं नशीब एवढं नाही. त्यांना आठवड्यातून एकदा चिंच लागते आणि तीही घाईघाईत. बाहेरून ते इतकं चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. आतून मात्र तिला कधी पुसताना पाहिलं नाही. उघडतच नाही ती ते. मी एकदा विचारलं होतं, आतून नको का साफ करायला? म्हणाली, "आतलं आत बराबर हाय."

हे रविवारचं माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालू आहे. तेव्हा घर म्हणजे दोन खोल्या, आणि माणसं इतकी की भाकरी करताना कुणीतरी मोजायचं राहूनच जायचं. नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचंच असलं तर भिंतीकडं बघून सांगायचं, पुढं भिंत पोचवायची. अशा घरात दर रविवारी दादा रिव्हॉल्वर घेऊन आतल्या खोलीत जात आणि जिजीला हाक मारत, "धरायला या." मग आतून कडी. कडी कशाला, असं सासूबाईंनी एकदा विचारलं. दादा म्हणाले, उघडी बंदूक आहे, पोरं आत शिरली आणि उडाली म्हणजे? सासूबाईंनी बंदुकीला बाहेरूनच हात जोडले.

आणि मी काय करत होते? मी नवी नवरी. दहावीपर्यंत शिकलेली, म्हणजे माझ्या मते त्या घरात सगळ्यात हुशार. बंदुकीच्या धोक्याविषयी मला फार कळायचं, कारण मी बंदूक कधी जवळून पाहिली नव्हती. कुणी न सांगता मी त्या दाराबाहेर पाट टाकून बसायचे. पोरं फिरकली की हाकलायचे, "तिकडं व्हा, आत बंदूक खोललीय." नणंदेला एकदा आतला पोळपाट पाहिजे होता, मी तिला दारापाशी येऊ दिलं नाही. म्हणाले, पोळपाट मोठा का जीव? त्या रविवारी पापड लाटायचे राहिले. शेजारच्या बायकांना मी समजावून सांगायचे, विलायती वस्तू आहे, तासभर लागतोच. त्या मान डोलवायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. त्या का बघायच्या हे मला दोन पोरं झाल्यावर कळलं. म्हणजे, कळलं असं मला वाटलं.

आमच्या ह्यांना मी एकदा म्हटलंही, की आपणही असं काहीतरी घ्यावं, दर रविवारी साफ करता येईल. हे भिंतीकडं बघून म्हणाले, "विळा हाय. तो घास."

दादा गेले तेव्हापासून ते दार उघडं असतं. जिजी एकटीच पुसते. आता कुणी राखणीला बसत नाही, आणि कुणी आत येतही नाही.

आता यंदाचं सांगते.

निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत न्यायची, असा नियम आहे. जिजीला हा नियम फार आवडतो. ती ठेवणीतली साडी नेसते, रिव्हॉल्वर नातवाच्या जुन्या डब्याच्या पिशवीत घालते, मला सोबत घेते आणि आम्ही एसटीनं ठाण्यात जातो. ठाण्यातले काडतुसाचं विचारायचे, "खाली हाय ना, जिजी?" ती म्हणायची, "हाव." ते पावती द्यायचे, वर चहा द्यायचे. लोकशाहीसाठी आम्ही दोघी एवढं करत आलो आहोत.

यंदा झेडपीची निवडणूक थंडीत आली आणि ठाण्यात फौजदार नवीन आली. पोरगीच, माझ्या नातीच्या वयाची. केस घट्ट बांधलेले, टेबलावर एक कागद वाकडा नाही. तिनं रिव्हॉल्वर हातात घेतलं, नळी भिंतीकडं केली आणि म्हणाली, "आज्जी, उघडून दाखवा."

"कामून? खाली हाय ती."

"असेल. मला बघावं लागतं."

जिजीनं खटका दाबला. काही झालं नाही. फौजदारणीनं दाबला. मग एका दणकट शिपायानं दाबला, त्याचा चेहरा लाल झाला, पण रिव्हॉल्वर तोंड मिटून बसलं ते बसलंच. चाक फिरेना, सांधा मोडेना.

फौजदारीण शांतपणे बोलत होती. आत काडतूस आहे की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला ते जमा करून घेता येत नव्हतं. पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाली. जालन्याला पाठवू, तिथं यातली जाणकार माणसं आहेत, रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवतील, आतलं सगळं धुऊन निघेल, नव्यासारखं होऊन येईल.

मला वाटलं आता जिजी 'बराबर' म्हणेल आणि आम्हाला चहा मिळेल. जिजीनं टेबलावरचं रिव्हॉल्वर उचललं आणि पिशवीत घातलं. फौजदाराच्या पुढ्यातून हत्यार उचलणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. शिपायानंही पहिल्यांदाच पाहिली असावी, कारण तो बसला होता तो उभा राहिला.

"रॉकेल बिलकुल न्हाई," जिजी म्हणाली. "मी घरी खोलून आणते."

फौजदारणीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग सोमवारची मुदत दिली. सोमवारी उघडून आणलं तर बरं, नाही तर नियमानं ते जप्त होईल आणि लायसन रद्द करायचा अहवाल वर जाईल. निघताना तिनं एवढंच सांगितलं, की तोवर याचं तोंड कुणाकडं करू नका.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं वयाचा पुरावा मागितला. जिजीनं आधार कार्ड काढलं. जागा नव्हती, तर उभी राहून आली. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती आणि बातमीच्या मागोमाग फौजीमामा येऊन बसले होते. मामा आमच्या गल्लीतलेच, फौजेतून रिटायर झालेले. सगळी नोकरी लंगरात कांदे चिरण्यात गेली, पण हत्याराचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलतो. त्यांनी पहिला हुकूम सोडला, नळी ज्वारीच्या पोत्याकडं करा. पोत्याचा काय गुन्हा होता ते मामांनाच ठाऊक. मग त्यांनी रिव्हॉल्वर कानापाशी नेऊन हलवलं, नारळ घेताना हलवतात तसं. मी म्हटलं, "पाणी हाय का आत?" मामांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं. हे त्यांना लंगरात शिकवलेलं असावं.

शिलाई मशीनचं तेल आणून सांध्यावर सोडलं. ते वरच्या वर ओघळून पोत्यावर गेलं. खटक्याला सांडशी लावली, सांडशी वाकली. तेवढ्यात मुलाचा फोन आला, की आई तू हात लावू नकोस, मी मोबाइलवर व्हिडिओ पाठवलाय. व्हिडिओत एक गोरा माणूस रबरी मोजे घालून असल्याच एका रिव्हॉल्वरचे तुकडे तुकडे करून टेबलावर मांडत होता आणि सारखा इंग्रजीत हसत होता. जिजीनं तो चष्म्याशिवाय शेवटपर्यंत पाहिला. म्हणाली, "टेबल चांगलं हाय त्याचं."

शेवटी मामा म्हणाले, "मिट्टी का तेल. बस. सब कुछ खोल देता है." हिंदीत बोलले की मामांचा हुद्दा वाढतो. पण रॉकेल आता गावात औषधालाही मिळत नाही, म्हणून ते कुणाच्यातरी ट्रॅक्टरमधून बाटलीभर डिझेल काढून घेऊन आले आणि म्हणाले, चांगलं आतपर्यंत मुरवू. जिजी उठली. त्यांच्या हातातली बाटली काढून घेऊन तिनं ती बाहेर नालीत ओतली.

"मामा, तुमचा चहा झाला. जावा आता."

मामा गेले. मी म्हटलं, जिजी, असं केलं तर सोमवारी ती जाणार. निवडणुकीपुरती नाही, कायमची. "मला म्हाईत हाय," जिजी म्हणाली आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

मला काही उमगेना. हिशोब तर सरळ होता. आतून धुतली तर राहते, नाही धुतली तर जाते. जिजी हट्टी आहे, पण मूर्ख नाही. त्या घरात ती जागा मी लग्न होऊन आल्या दिवशीच घेतलेली होती.

रविवार उजाडला. सकाळी गच्चीवर ऊन खायला बसलो. थंडी अशी पडली होती की बोलताना तोंडातून वाफ निघावी. जिजीनं न्हाऊन केस मोकळे सोडले होते. पांढरे, विरळ, पण अजून कमरेपर्यंत. ती मात्र ऊन सोडून सावलीला बसलेली, पुढं पेपर, पेपरवर लुगड्याचा तुकडा, त्यावर रिव्हॉल्वर. पुसणं चालू होतं. उद्या जी वस्तू कायमची जाणार होती तिला ती आज घासूनपुसून तयार करत होती, पोरीची पाठवणी करावी तशी.

मी माझी खोबरेलाची बाटली कठड्यावर उन्हात ठेवली होती. थंडीत खोबरेल दगडासारखं होतं, त्याला सगळ्या बाया हेच करतात. बाटलीच्या कडेकडेनं सुटायला लागतं, मग मधला पांढरा गोळा तरंगायला लागतो. मी त्या गोळ्याकडं बघत बसले होते. दुसरं काही काम नव्हतं. मग सहज रिव्हॉल्वरकडं पाहिलं. चाकाच्या फटीत आणि खटक्याच्या सांध्यात काहीतरी मळकट पांढरं होतं. मी नखानं थोडं काढलं आणि वास घेतला. खवट होता, पण ओळखीचा.

"जिजी, ह्याच्यात खोबरेल हाय."

जिजीचं पुसणं चालूच.

"आवं बंदुकीला कुणी खोबरेल लावतं का? गोठून बसलंय आत, म्हून उघडून नाही राह्यली ती. कुणी लावलं हे?"

"कोण लावणार?" जिजी म्हणाली.

मग तिनं सांगितलं. माझ्याकडं न बघता, पुसता पुसता, थोडं थोडं. तिची आई लहानपणीच गेलेली. डोक्याला तेल लावून द्यायला कुणी नव्हतं. माहेरी नव्हतं, सासरी तर कोण लावून देणार. नव्या नवलाईत कधीतरी ती दादांना हे बोलून गेली. पुढच्या रविवारी दादांनी तिला बंदूक धरायला बोलावलं. कडी लावली, पेपर पसरला, त्यावर रिव्हॉल्वर उघडून ठेवलं, आणि रेक्झिनच्या पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली. जिजीच्या मागं बसले आणि तिची वेणी सोडली. मग दर रविवारी तेच. तासभर तेल लावत बसायचे. बोलणं म्हणाल तर फारसं नाही. तेल चांगलं लावायचे, वेणी मात्र बिलकुल जमायची नाही, ती तिची तिलाच घालावी लागायची.

"आन् बंदूक?" मी विचारलं.

"हाताला राह्यलेलं तिला पुसायचे. बाहेर गेल्यावर सासूबाईला काही चमकताना दिसाया पायजे ना."

मी त्या दाराबाहेर पाट टाकून बसले होते तेव्हा मला वाटायचं आत बंदूक साफ होत आहे. शहाणी झाल्यावर मला दुसरंच काही वाटायला लागलं आणि मी त्यावर मनातल्या मनात पुष्कळ हसून घेतलं. दोन्ही वेळेला चुकले. आत एक मुनीम बायकोच्या डोक्याला तेल लावत होता आणि बाहेर मी पोळपाटाची लढाई लढत होते.

"मंग मामाला डिझेल कामून घालू दिलं न्हाई? त्यानं सुटलं असतं."

"बाहेरून मी पुसते, कौसे," जिजी म्हणाली. "आतलं त्यांनी लावलेलं हाय."

तिच्या फ्रिजचा अर्थ मला त्या वेळी लागला. उन्हाळ्यात ते पातळ होऊन गळून जाऊ नये म्हणून तिनं दह्याशेजारी जागा केली होती आणि मी गावभर सांगत फिरले होते, आमची जाऊ रिव्हॉल्वरला उष्णतेचं औषध देते. मी जीभ चावली. असं क्वचित होतं, आमचे हे असते तर त्यांनी पेढे वाटले असते. खालून प्रचाराची रिक्षा गेली, भोंग्यावर कुणीतरी आपलं सगळ्यांचं भलं करणार होतं. कठड्यावरच्या बाटलीतला गोळा विरघळून सुपारीएवढा राहिला होता.

"कशानं अडकली ते मला ठाण्यातच कळल्तं," जिजी म्हणाली. "उन्हात धरली की सुटंल. पर सुटलं की गेलं."

नाही धरली तर उद्या सगळीच जाणार होती. हे तिलाही माहीत होतं, म्हणून मी ते सांगितलं नाही. सल्ला न देता बसणं किती अवघड असतं हे मला या वयात कळलं.

जिजीनं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग रिव्हॉल्वर घेतलं आणि सावलीतून सरकत सरकत उन्हात येऊन बसली. नळी मोकळ्या रानाकडं केली, सांधा उन्हाला धरला आणि त्याच्या खाली आपला तळवा धरला. आम्ही दोघी त्याच्याकडं दूध तापायला ठेवल्यासारख्या बघत बसलो. लोखंड हळूहळू तापलं. फटीतलं पांढरं आधी पाण्यासारखं झालं, मग तपकिरी. जिजीनं अंगठ्यानं खटका दाबला. टक् झालं आणि ते अडकित्त्यासारखं उघडलं. चाकाची सगळी भोकं मोकळी, आरपार रान दिसत होतं.

"खाली हाय," मी म्हणाले.

"मी काय सांगत होते मंग?"

तेल सांध्यातून उतरायला लागलं, एकेक थेंब. काळपट, गंजाच्या रंगाचं. मी फडकं पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. फार नव्हतंच, चहाचा चमचाही भरला नसता. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं हात हलवला नाही. मग रिव्हॉल्वर पेपरवर ठेवलं, दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि डोक्यावर नेले. भांगापासून मागं, सावकाश. पांढऱ्या केसांवर तपकिरी पट्टे उठले. खांदे दुखतात तिचे, हात मागपर्यंत पोचेना.

"कौसे, मागं लाव जरा," ती म्हणाली आणि तळवे माझ्यापुढं केले.

मी तिच्या हातावरचं माझ्या हातावर घेतलं आणि तिच्या मागं बसले. वास भयंकर होता. खवट खोबरं, गंज आणि जुन्या कपाटाचा कोंदट वास एकत्र केला तर जे होईल ते. मी लावलं. वेणीही घातली. ती म्हणाली, "घट्ट झाली," आणि सोडली नाही.

सोमवारी आम्ही ठाण्यात गेलो. फौजदारणीनं रिव्हॉल्वर उघडून पाहिलं, बोटाला लागलेलं हुंगलं आणि कपाळाला आठी घातली. म्हणाली, आज्जी, याला खोबरेल नका लावू, मशीनचं तेल लावत जा. जिजी म्हणाली, "हाव, आता तेच लावीन." पावती मिळाली, चहाही मिळाला. रिव्हॉल्वर आतल्या खोलीत गेलं, तरी फौजदारीण मधून मधून खोलीभर बघत होती, वास अजून कुठून येतोय म्हणून. मी खिडकीबाहेर बघत चहा प्याले.

निकाल लागले, गुलाल उडाला, रिव्हॉल्वर घरी परत आलं. आमच्या गटातून कोण निवडून आलं ते मला विचारू नका. जिजीनं तोवर डोक्यावरून पाणी घेतलेलं नव्हतं. तिची सून संभाजीनगरहून आली होती, ती मला बाजूला घेऊन म्हणाली, काकू, तुम्ही तरी सांगा त्यांना, उशांच्या खोळी फेकून द्यायची वेळ आली. मी म्हटलं, सांगते. चतुर्थीला राजूरला निघालो तर एसटी तुडुंब होती, पण जिजीच्या शेजारच्या सीटवर कुणी बसायला तयार नव्हतं. मी बसले. पदर नाकाला लावावासा वाटत होता, तो मांडीवर धरून ठेवला. खिडकी उघडी असती तर बरं झालं असतं. पण जिजीनं बसल्या बसल्याच काच ओढून घेतली होती आणि वारा लागू नये म्हणून डोक्यावरून पदर घट्ट धरला होता. मी काच उघडा म्हणाले नाही. उलट आणखी आत सरकून बसले.